घाटकोपरचे किडझानिया आणि मुलांच्या मुठी पाहणारी माणसे

मे महिन्याच्या सुट्टीत चिपळूणहून आलेल्या सात वर्षांच्या भाचीला घेऊन मी घाटकोपर पश्चिमेच्या आर सिटी मॉलमधील किडझानियात गेले होते, त्या दिवसाचा हा अभिप्राय आहे. तिथल्या खेळांची माहिती आणि छायाचित्रे सहज मिळतात, म्हणून मी मुख्यतः तिथे काम करणाऱ्या तरुण मुलामुलींविषयी लिहिणार आहे. लग्नापूर्वी मी मुंबईतल्या एका मनोरंजन उद्यानात चार हंगाम राईड अटेंडंट म्हणून नोकरी केली. राईडमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवरचा सुरक्षेचा दांडा हाताने ओढून पाहायचा आणि मगच ऑपरेटरला अंगठा दाखवायचा, हे काम दिवसातून शेकडो वेळा केलेले असल्यामुळे कोणत्याही उद्यानात गेले तरी माझी नजर आधी राईडशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जाते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किडझानिया मूळचे मेक्सिकोचे. पहिले केंद्र 1999 साली मेक्सिको सिटीत सुरू झाले आणि मुंबईतले 2013 साली. सुमारे 75,000 चौरस फुटांच्या छताखाली मुलांच्या उंचीला साजेसे एक शहरच वसवलेले आहे. त्यात रस्ते आहेत, बँक आहे, रुग्णालय आहे, अग्निशमन केंद्र आहे. विमानतळासारख्या दालनातून आत शिरायचे, मिळालेला धनादेश बँकेत वटवायचा, निरनिराळ्या ठिकाणी पोशाख चढवून काम करायचे आणि त्या कामाबद्दल मिळणारे ‘किडझो’ हे तिथलेच चलन हवे तसे खर्चायचे, अशी ही रचना आहे. एरवी उद्यानात मूल खेळते आणि मोठी माणसे कामाला असतात. इथे मूलही कामाला आलेले असते आणि तिथला कर्मचारी त्याला ते काम शिकवतो, त्यामुळे सारा दिवस त्या कर्मचाऱ्याच्या वकुबावर अवलंबून राहतो.

स्वागताची एक गंमत आधी सांगते. तिथे सगळेजण उजव्या हाताची दोन बोटे हृदयाशी नेऊन ‘काय’ असे म्हणतात, तो त्या नगरीचा नमस्कार आहे. माझ्या भाचीला ते आपले मराठीतले ‘काय’ वाटले आणि तिने दारातल्या मुलीला अगदी प्रामाणिकपणे ‘काही नाही’ असे उत्तर दिले. त्या मुलीने तिची चूक दुरुस्त केली नाही, की शेजारणीकडे पाहून हसलीही नाही. ‘काही नाही कसं, आज तर पुष्कळ काम आहे तुला,’ असे म्हणून तिने भाचीच्या मनगटावर पट्टा बांधला. मी तिथेच निश्चिंत झाले.

अग्निशमन केंद्रात मात्र मी ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ थांबले. आठ-दहा मुलांना कोट आणि हेल्मेट चढवून विशी-बाविशीतला एक मुलगा हिंदीत आणि इंग्रजीत सूचना देत होता. भाची सगळ्यांत मागे उभी होती, हेल्मेट नाकापर्यंत घसरलेले होते आणि ती सारखी माझ्याकडे वळून पाहत होती. पालकांनी बाहेरच थांबायचे असल्यामुळे मला काही करता येण्यासारखे नव्हते. बोलता बोलताच तो मुलगा मागे आला, गुडघ्यावर बसला, हेल्मेटचा पट्टा आवळता आवळता त्याने तिचे नाव आणि गाव विचारले आणि उत्तर ऐकताच मराठीत म्हणाला, ‘तुमच्याकडे आगीचा बंब बघितलायस ना? मग तूच पुढे बस, घंटेकडे लक्ष तुझं.’ त्यानंतर सर्वांना सांगितलेली माहिती त्याने पुन्हा एकदा मराठीत सांगितली, तीही तिच्या एकटीकडे न पाहता सगळ्या मुलांकडे पाहत, म्हणजे आपल्याला वेगळे काढले असे तिला वाटू नये. बंब फेरी मारून आला, खोट्या ज्वाळांच्या इमारतीवर पाण्याचे फवारे उडाले, आणि पाय रोवून पाईप धरलेली माझी भाची मला ओळखू येईना.

हे सगळे एकाच मुलीच्या वाट्याला आलेले भाग्य आहे की त्या मुलाची काम करण्याची रीतच तशी आहे, हे पाहायचे म्हणून मी भाचीला दुसऱ्या रांगेत सोडून त्याच्या पुढच्या दोन फेऱ्या पाहिल्या. माझ्या पहिल्या दिवशी आमच्या ज्येष्ठ ऑपरेटरकाकांनी मला एक गोष्ट शिकवली होती. बसलेल्या मुलांचे चेहरे पाहू नकोस, मुठी पाहा, असे ते म्हणत, कारण घाबरलेले मूल आईबापांना दाखवण्यासाठी हसत असते, पण त्याच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात. पुढच्याच फेरीत सायरनच्या आवाजाने एका मुलाच्या मुठी मिटल्या. चेहऱ्यावर हसू होते. अटेंडंटने कोणाला काही न सांगता, काही न विचारता त्याची जागा बदलली आणि त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले. हे त्याला कोणी शिकवले असेल किंवा त्याचे त्यालाच सुचले असेल. काही झाले तरी, दुपारी चार वाजता, पोटऱ्या भरून आलेल्या आणि आवाज बसत चाललेला असताना ते करणे सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मुलाला दुखावल्याशिवाय नियम पाळता येतो की नाही, ही या कामातली खरी परीक्षा असते. डिस्नेच्या उद्यानांत कर्मचाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नाटकातल्या पात्रांप्रमाणे संबोधतात आणि त्यांना आधी सुरक्षितता, तिच्यानंतर सौजन्य आणि मग बाकीच्या गोष्टी याच क्रमाने विचार करायला शिकवतात. सुरक्षितता पहिली हे योग्यच आहे. पण सौजन्य तिच्या पाठोपाठ का ठेवले आहे, हे मला काही वर्षांपूर्वी मुंबईबाहेरच्या एका उद्यानात नीट कळले. माझा मुलगा उंचीच्या पट्टीला दोन बोटे कमी पडला, तेव्हा तिथल्या माणसाने भर रांगेत ‘याला बाजूला घ्या’ एवढेच म्हटले आणि पुढच्याला बोलावले. त्याचा निर्णय बरोबर होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु पाऊण तास रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला खाली वाकून दोन वाक्ये सांगायला आणि त्याच्या उंचीला चालणारी राईड बोटाने दाखवायला अर्धा मिनिट पुरला असता. मुलगा त्या दिवशी पुन्हा कोणत्याही रांगेत उभा राहिला नाही.

बँक, रुग्णालय, विमान या ठिकाणांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही, सर्वत्र कामे नीट चालली होती. मनगटावरच्या पट्ट्याचे मात्र आवर्जून सांगायला हवे. मुलाचा आणि पालकाचा पट्टा जुळल्याशिवाय मुलाला बाहेर सोडत नाहीत आणि निघताना ती तपासणी मनापासून केली गेली. हरवलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरण्याची वेळ माझ्यावर एका हंगामात सात वेळा आली होती, त्यामुळे या दोन मिनिटांच्या खोळंब्याचे मोल मला कळते.

जाण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी मनाशी ठरवाव्यात. इथली बहुतेक दुकाने आणि कार्यशाळा खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या नावाने चालतात, कारण संपूर्ण व्यवसायच त्या भागीदारीवर उभा आहे, आणि सात वर्षांचे मूल काम आणि जाहिरात यांतला फरक आपणहून ओळखत नाही. मी घरी जाताना मेट्रोत भाचीशी त्याविषयी बोलले, ते बोलणे टाळू नये. दुसरे असे की, मोठ्या माणसांना इथे पाहत उभे राहण्यावाचून फारसे काम नाही, म्हणून शक्यतो सुट्टीचा वार सोडून जावे आणि पायांत सोयीची पादत्राणे घालावीत.

निघण्यापूर्वी मी कार्यालयात कागद मागून घेतला आणि त्या अटेंडंटच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव, केंद्र आणि वेळ लिहून त्याने नेमके काय केले ते आठ ओळींत नोंदवले. ‘सेवा उत्तम’ असा मोघम शेरा कोणाच्याच उपयोगाचा नसतो. नाव आणि प्रसंग लिहिला तर तो त्या मुलाच्या वरिष्ठांपर्यंत पोचतो. 1996 साली ठाण्याच्या एका आजोबांनी माझ्याविषयी लिहिलेला असा कागद आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून दिला होता, तो अजून माझ्या कपाटात आहे.