जुना एक्स१०० घेताय? आधी केस उतरवायला लावा

फुजीफिल्मचे एक्स१०० मालिकेतले कॅमेरे लांबून एकाच आईची लेकरं वाटतात, आणि सेकंड-हँड बाजारात काहीजण नेमका याच सारखेपणाचा धंदा करतात. २०२० चा एक्स१००व्ही सोशल मीडियावर गाजल्यापासून जुन्या मॉडेलांनाही भाव आलाय. माझ्या भाच्याला फोर्टातल्या एका दुकानदाराने ५२ हजारांना ‘टी’ (म्हणजे एक्स१००टी, मालिकेतलं तिसरं मॉडेल) म्हणून दिला तो निघाला २०११ चा, पहिला एक्स१००.

कॅमेऱ्याला चामड्याची अर्धी केस स्क्रूने घट्ट बसवलेली. मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर तळाला असतो, तोच झाकलेला. भाच्याने वायफायचं विचारलं (या मालिकेत ते ‘टी’पासून आलं), तर म्हणे, "अ‍ॅप बंद पडलंय, कार्डातून घ्या ना फोटो." नमुन्याचा फोटो ट्यूबलाइटखालीच काढून दाखवला. छान आला.

येणारच. पहिल्या एक्स१०० मध्ये अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्समधून येणारा उजेड कमी-जास्त करणारी, पाती चिकटायचा जुना रोग आहे. पाती उघडीच अडकून बसतात. दुकानातल्या उजेडात अ‍ॅपर्चर तसंही एफ२ वर, पूर्ण उघडं, त्यामुळे दुखणं दिसतच नाही. पोरगं भर दुपारी मरीन ड्राइव्हला गेलं, एफ८ वर (म्हणजे अ‍ॅपर्चर बरंच लहान करून) फोटो काढले, तर समुद्र, आभाळ, माणसं सगळं पांढरंफटक. "मामा, सेटिंग बिघडलंय का बघ जरा," म्हणत माझ्याकडे आला.

फाइल उघडली: ४२८८ × २८४८. म्हणजे १२ मेगापिक्सेल. ‘एस’ (दुसरं मॉडेल) आणि ‘टी’ १६ चे, त्यांची फाइल ४८९६ × ३२६४ असते. ‘एफ’ २४, ‘व्ही’ २६, २०२४ चा ‘सहावा’ (एक्स१००व्हीआय) ४०. एक्झिफमध्येही (कॅमेरा फोटोसोबत साठवतो ती माहिती) सरळ एक्स१०० लिहिलेलं. ‘टी’ची अ‍ॅपर्चर रिंग एक-तृतीयांश स्टॉपने टिकटिकते, ही पूर्ण स्टॉपने (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी पायरी). बॅटरीवरून मात्र ओळखायला जाऊ नका. एनपी-९५ पहिल्या तिन्ही मॉडेलांना चालते, बदलली ती ‘एफ’पासून. तेव्हा स्वतःचं कार्ड घालून दुकानाबाहेर या, उन्हात एफ१६ वर फोटो काढा आणि फाइल तिथेच मोबाइलवर तपासा. बाहेर नेऊ देत नसेल तर पाकीट खिशातच ठेवा.

दुकानदार म्हणतो, "एक्स१०० म्हणालो होतो, टी कधी म्हणालो?" बिलावर फक्त "जुना कॅमेरा, १ नग" आणि खाली ते नेहमीचं विकलेला माल परत घेणार नाही. खोटं मॉडेल सांगून माल विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण या बिलावरून काय सिद्ध करणार? भाव व्हॉट्सअ‍ॅपवर ठरला होता म्हणून बरं, तिथे त्याने स्वतः ‘टी’ लिहिलंय. तो स्क्रीनशॉट घेऊन आम्ही ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला: ‘एस’ देतो, वर सहा हजार टाका.