ब्रिटनमध्ये पहिलं पुस्तक: प्रकाशकानं मला काय काय विकलं

इंग्रजीत लिहिलेली माझी पहिली कादंबरी ब्रिटनमधल्या एका प्रकाशन कंपनीनं ‘स्वीकारली’ आणि त्यात माझी अनेक वर्षांची बचत गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बदलून हाच धंदा करणारे पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांची पद्धत ओळखता येणं जास्त महत्त्वाचं. परदेशात पहिलं पुस्तक यावं अशी ज्यांची इच्छा आहे आणि ज्यांच्या हातात असंच एखादं पत्र आलं आहे, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावं.

पत्र फार आदबीनं लिहिलेलं होतं. संपादक मंडळाला हस्तलिखित अतिशय आवडलं, पण लेखिका नवखी असल्यामुळे मंडळात दोन मतं पडली. म्हणून नेहमीच्या कराराऐवजी ‘सहभागाचा करार’ देत आहोत, खर्चाचा काही वाटा तुम्ही उचला, बाकीचा आम्ही घालू. हेच पत्र, शब्द थोडे इकडचे तिकडे करून, कितीतरी जणांना जातं हे मला पुढे अशाच फसलेल्या इतरांशी बोलताना समजलं. माझी कादंबरी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची आहे. त्या दोन पानांच्या कौतुकात धरण नव्हतं, गाव नव्हतं, एकाही पात्राचं नाव नव्हतं. पुस्तक वाचून लिहिलेल्या पत्रात ते पुस्तक कुठे ना कुठे दिसतंच.

‘बाकीचा आम्ही घालू’ ही शुद्ध थाप. लेखकाकडून घेतलेल्या रकमेतच मांडणी, मुखपृष्ठ आणि थोड्या प्रतींची छपाई भागते आणि वर नफाही सुटतो. पुस्तक खपो न खपो, कंपनीची कमाई आधीच झालेली असते. खरा प्रकाशक हस्तलिखितावर स्वतःचे पैसे लावतो, बहुतेक वेळा लेखकाला आगाऊ मानधन देतो आणि ते वसूल करायचं म्हणून पुस्तक विकायला धडपडतो. एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणी करणारा, तोसुद्धा पुस्तकाचा व्यवहार झाला की त्यातून आपली टक्केवारी घेतो, देशातल्या हक्कांवर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के. हस्तलिखित वाचण्याचे पैसे चांगला एजंट मागत नाही.

पण मला सगळ्यात चीड येते ती पैसे घेतल्याची नाही. त्यांनी मला जे विकलं त्यातलं बरंचसं कुणाही लेखकाला आपोआप मिळतं.

पावतीत ‘ब्रिटिश कॉपीराइट नोंदणी’ असा एक आकडा होता. ब्रिटनमध्ये कॉपीराइटची सरकारी नोंदणी अस्तित्वातच नाही. तिथल्या १९८८च्या कायद्याप्रमाणे मजकूर लिहिला गेला की हक्क निर्माण होतो आणि १८८६च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारामुळे भारतीय लेखकाच्या लेखनालाही तिथे तेच संरक्षण आहे. माझ्याकडे आलेलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र कंपनीनं स्वतःच छापलेलं होतं.

त्यानंतर ‘ब्रिटिश लायब्ररीत कायमचं जतन’. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण लिहिलेलं पुस्तक त्या ग्रंथालयात जाणार, ही भावना ज्यानं लिहिलं आहे त्यालाच कळेल. खरं असं आहे की ब्रिटनमध्ये छापील पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक प्रकाशकानं महिन्याभरात एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला स्वतःच्या खर्चानं दिलीच पाहिजे, असं २००३चा कायदा सांगतो. कुणी कविता छापो नाहीतर गणिताचं पुस्तक, प्रत जाणारच. म्हणजे त्यांनी स्वतःचं कायदेशीर कर्तव्य मला सन्मान म्हणून विकलं.

ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं गेलं की लेखकाला पैसे मिळतात, असंही त्यांनी सांगितलं होतं. ती योजना ब्रिटनमध्ये खरोखर आहे आणि चांगली आहे. पण तिचा लाभ ब्रिटन किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या लेखकांनाच मिळतो. मी भारतात राहते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

‘सर्व पुस्तकांच्या दुकानांत उपलब्ध’ या वाक्यावर जरा थांबते, कारण बहुतेक लेखक याच वाक्याला भुलतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असलेलं कुठलंही पुस्तक घाऊक विक्रेत्याच्या यादीत चढू शकतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर दुकानदार ते मागवून देऊ शकतो. ‘उपलब्ध’चा अर्थ तेवढाच. फळीवर पुस्तक ठेवायचं की नाही हे दुकानदार वेगळ्या हिशेबानं ठरवतो. त्याला छापील किमतीवर साधारण ४० टक्के किंवा त्याहून जास्त सूट लागते आणि न खपलेल्या प्रती परत करण्याची सोय लागते. माझं पुस्तक प्रिंट ऑन डिमांडवर होतं, म्हणजे मागणी आली की एक प्रत छापायची. त्यावर सूट तुटपुंजी आणि प्रती परत घ्यायची तयारी नाही. अशा अटींवर अनोळखी लेखकाचं पुस्तक कोणता दुकानदार ठेवेल? त्यात छापील किंमतही तेवढ्याच जाडीच्या कादंबऱ्यांपेक्षा बरीच जास्त लावलेली. लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं जाईल त्या दुकानात चौकशी केली, आणि सगळीकडे ‘मागवून देऊ’ हेच उत्तर मिळालं. त्यांचं गिऱ्हाईक वाचक नव्हताच. गिऱ्हाईक मी होते, आणि ‘लेखक सवलतीत’ स्वतःच्याच पुस्तकाच्या प्रती घेण्याची पत्रं नंतर मलाच येत राहिली.

संपादनाबद्दल एवढंच सांगते की नायिकेच्या सासूचं नाव दोन प्रकरणांत वेगवेगळं छापलं गेलं आहे. हस्तलिखितात ते बरोबर होतं.

ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ ऑथर्स आणि रायटर्स गिल्ड या लेखक संघटनांनी २०२२ साली अशा पैसे घेऊन छापणाऱ्या कंपन्यांवर एक अहवाल काढला. त्यात २४० लेखकांचे अनुभव आहेत. त्यांपैकी ९४ टक्के लेखकांना तोटा झाला होता. पुस्तक छापायला दोन हजार पौंडांच्या आसपास घातलेल्या लेखकांच्या हातात मानधन म्हणून शंभर पौंडही आले नव्हते. हा अहवाल मी सही करण्याआधी वाचला असता तर, असं आता वाटतं. म्हणूनच त्याचा उल्लेख मुद्दाम करते आहे.

पुस्तक आल्यावर दुसरी टोळी मागे लागते. आपला फोन नंबर आणि पुस्तकाचं नाव कुठून कुठे जातं कोण जाणे. एकानं सिनेमाच्या हक्कांसाठी स्टुडिओ उत्सुक आहे म्हणून सांगितलं, मात्र आधी पटकथेचा आराखडा त्यांच्याकडून विकत करून घ्यायचा होता. दुसऱ्यानं लंडन बुक फेअरमध्ये पुस्तक मांडण्याचे पैसे मागितले. अशा मेळ्यांत हक्कांचे व्यवहार आधी वेळ ठरवून, प्रकाशक आणि एजंट समोरासमोर बसून करतात. शेकडो पुस्तकांच्या फळीवर एक प्रत उभी केली म्हणून कुणी हक्क विकत घेत नाही. तिसऱ्यानं मोठ्या प्रकाशनसंस्थेचा संपादक असल्याची बतावणी केली आणि माझं साठलेलं मानधन सोडवण्यासाठी आधी कर भरायला सांगितला. मानधनावरचा कर मानधन देतानाच कापून घेतात, तो लेखकाकडून आगाऊ मागवत नाहीत. अमेरिकेत २०२५च्या जानेवारीत सरकारी वकिलांनी अशाच पद्धतीबद्दल काही जणांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं: ८००हून अधिक लेखकांना ४ कोटी ४० लाख डॉलरना फसवल्याचे. अशा फसलेल्यांतले कितीतरी जण उतारवयात पहिलं पुस्तक लिहिणारे. आयुष्यभर मनात ठेवलेली गोष्ट कागदावर उतरवलेल्या माणसाला असं लुबाडणं मला चोरीहून हीन वाटतं.

ब्रिटनमधली कंपनी असेल तर कंपनीज हाउस या तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या नोंदवहीत तिची स्थापना, हिशेब आणि संचालक फुकट पाहता येतात. संचालकाच्या नावावरून त्याच्या आधीच्या, बंद झालेल्या कंपन्याही सापडतात. लंडनचा रुबाबदार पत्ता पाहून विश्वास ठेवू नका, नुसता टपालाचा पत्ता भाड्यानं मिळतो. कंपनीच्या जुन्या लेखकांना तुम्ही स्वतः शोधून काढा, कंपनीनं दिलेल्या नावांवर भागवू नका. सोसायटी ऑफ ऑथर्स आपल्या सभासदांचे करार कलमागून कलम वाचून सल्ला देते.

करारातलं एक कलम मात्र स्वतः शोधा: हक्क लेखकाकडे परत कधी येतात? माझ्या करारात ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तेव्हा’ असं होतं. प्रिंट ऑन डिमांडचं पुस्तक कागदोपत्री कधीच अनुपलब्ध होत नाही, त्यामुळे हक्कही कधीच परत येत नाहीत. वर्षाला अमुक इतक्या प्रतींपेक्षा कमी खपल्या तर हक्क परत, असा स्पष्ट आकडा करारात हवा. मी हक्क मागितले तेव्हा कंपनीनं त्याचेही पैसे मागितले. वकिलाची नोटीस गेल्यावर हक्क आले, पण मांडणीच्या फाइली आणि मुखपृष्ठ त्यांच्याकडेच राहिलं. पैसे तर गेलेच. नवी आवृत्ती मी माझ्या मूळ हस्तलिखितावरून करते आहे, सासूचं नाव बरोबर असलेल्या. जुना आयएसबीएन कंपनीच्या नावावर आहे, तो वापरता येत नाही. त्याचेही त्यांनी माझ्याकडून पौंडांत पैसे घेतले होते; भारतातल्या लेखकाला तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे अर्ज करून विनामूल्य मिळतो.