फ्लॅट कॅप : आठ महिने रोज वापरल्यावर

गेल्या ऑक्टोबरपासून मी रोज फ्लॅट कॅप, म्हणजे पुढे छोटी चोच असलेली चपटी टोपी, घालून घराबाहेर पडतोय. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डला राहतो. घर चढावर, स्टेशन खाली, पायी पंचवीस मिनिटं. यॉर्कशरचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो भुरभुरत राहतो आणि वारा त्याला आडवा आणून तोंडावर मारतो. छत्रीचा त्यात निभाव लागत नाही. शिवाय दोन वर्षांत माझे केस बरेच विरळ झालेत, त्यामुळे थंडी थेट टाळूला लागायला लागली. आतापर्यंत चार प्रकारच्या टोप्या झाल्या : हॅरिस ट्वीडची (ट्वीड म्हणजे जाडसर लोकरी कापड), डोनेगल ट्वीडची, मेण लावलेल्या सुती कापडाची आणि उन्हाळ्यासाठी लिननची. पहिली माझ्याच हातून बिघडली. तेव्हा ही टोपी घ्यायचा विचार करणाऱ्या कुणाला माझा खर्च आणि मनस्ताप वाचवता आला तर बघावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

इथे ही टोपी नुसती फॅशन नाही. १५७१ साली इंग्लंडच्या संसदेनं कायदाच केला होता : सहा वर्षांवरच्या सामान्य लोकांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडातच बनलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दंड. लोकरीचा धंदा जगवायचा होता. सरदार-दरकदारांना त्यातून सूट होती. कायदा १५९७ मध्ये रद्द झाला, पण चपटी लोकरी टोपी म्हणजे कष्टकऱ्याची टोपी ही ओळख पक्की राहिली. पुढे इथल्या गिरण्यांमधल्या आणि खाणींमधल्या माणसांच्या डोक्यावर तीच होती. माझ्या स्टेशनच्या वाटेवर अजूनही सत्तरीपुढचे दोन-तीन आजोबा रोज दिसतात. त्यांच्या टोप्या डोक्यावर अशा बसलेल्या असतात की तिथेच उगवल्यासारख्या वाटतात. माझी पहिली टोपी तशी का बसत नाही, हे कळायला मला दोन महिने लागले.

उत्तर मापात होतं. मी कापडावर भाळून ऑनलाइन मागवली होती आणि माप अंदाजानं 'मीडियम' टाकलं होतं. दोन दुकानदारांचं मीडियम सारखं नसतं, म्हणून सेंटिमीटरवरच जावं. शिवणाची टेप भुवयांच्या दोन बोटं वर धरायची, कानांच्या जरा वरून न्यायची आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून फिरवून आणायची. आवळायची नाही. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. माझं ५८ आलं. ब्रिटिश मापात ५७ म्हणजे ७, ५८ म्हणजे ७ १/८ आणि ५९ म्हणजे ७ १/४. अमेरिकन आकडा त्याच डोक्याला एक अष्टमांशानं जास्त असतो, म्हणजे माझा ७ १/४. विकणारा कुठल्या देशाचा आकडा सांगतोय हे विचारल्याशिवाय मागवू नका. मधलं माप आलं तर मोठं घ्या. ढिली टोपी आतल्या फितीमागे फोमची बारीक पट्टी घालून बसवता येते, घट्ट टोपी मात्र सैल करता येत नाही. टोपी काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला तर ती घट्ट आहे. दुपारी डोकं दुखायला लागतं ते त्यामुळेच. मी आठवडाभर त्याचा दोष चष्म्याला देत होतो.

पण घेराचा आकडा जुळला म्हणजे काम झालं असंही नाही. डोक्याचा आकार वेगळा आणि टोपीची खोली वेगळी. माझं डोकं वरून पाहिलं तर गोलसर आहे आणि इथल्या बऱ्याच टोप्या पुढे-मागे लांबट बेतलेल्या असतात. तशी टोपी मला कानांवर दाबते आणि कपाळाशी पोकळ राहते. हे टेपवर दिसत नाही, घालूनच कळतं. खोली कमी असली तर टोपी माथ्यावर तरंगते आणि पहिल्या वाऱ्याला उडते. मागची कड त्या उंचवट्याच्या किंचित खाली बसली पाहिजे. मान खाली घालून डोकं हलवून बघा. टोपी जागची हलली नाही तर खोली बरोबर आहे.

आता कापड. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. कापड घ्यायला गेले की रंग शेवटी बघायचे. आधी टोक मुठीत चुरगळायचे, सोडायचे आणि ते किती वेळात पूर्ववत होतं ते पाहायचे. मग उजेडासमोर धरून वीण बघायचे. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथून डोंगरापलीकडच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीची होती, हे इथे आल्यावर कळलं आणि आजोबांची फार आठवण आली. टोपीच्या कापडालाही मी त्यांचीच परीक्षा लावतो. चांगलं ट्वीड मूठ सोडताच उघडतं. त्यात नायलॉन-पॉलिस्टरची भर जास्त असली तर घडीची रेघ तशीच राहते आणि सहा महिन्यांत चोचीच्या कडेला गोळे धरतात.

चारांत मला सगळ्यात प्रिय आहे ती हॅरिस ट्वीड. ४८ पौंड पडले. हे नाव कुणालाही लावता येत नाही. १९९३ च्या कायद्यानुसार लोकर शुद्ध आणि नवी हवी, स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेली हवी. टोपीच्या आत, वर क्रॉस असलेल्या गोलाच्या शिक्क्याची चिठ्ठी शिवलेली असते, ती नसेल तर ते फक्त ट्वीड. लोकर कातायच्या आधीच रंगवतात आणि वेगवेगळे रंग एकत्र पिंजून सूत काढतात. म्हणून लांबून तपकिरी दिसणारी माझी टोपी जवळून पाहिली की तिच्यात शेवाळी, हळदी आणि जांभळे तंतू दिसतात. ट्रेनमध्ये मांडीवर ठेवून मी ती कितीदा न्याहाळली आहे. भुरभुर पावसात पंचवीस मिनिटं चाललं तरी आत ओल येत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, ते इथे रोज अनुभवाला येतं. भिजल्यावर तिला मेंढराचा वास येतो, गावच्या घोंगडीला पावसाळ्यात यायचा तसाच. मला तो आवडतो. बायकोला आवडत नाही. कापड टोचतं मात्र, म्हणून कपाळाला लागणारी फीत सुती किंवा चामड्याची आहे ना, ते बघून घ्या.

हीच टोपी मी बिघडवली. डिसेंबरात एकदा चिंब भिजून आलो आणि ती रेडिएटरवर टाकली. सकाळी चोचीच्या आतलं प्लास्टिक वाकलेलं होतं आणि फितीपाशी कापड आक्रसून माप सेंटिमीटरभर कमी झालं होतं. वाफ देऊन, उपड्या पातेल्यावर ताणून थोडी सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही. जानेवारीत तीच टोपी पुन्हा घेतली, या वेळी ५८ बघून. आता ओली टोपी पातेल्यावर उपडी घालतो आणि खोलीच्या हवेतच वाळू देतो. मशिनमध्ये तर कधीच घालू नका. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत गुंततात आणि कापडाचा घट्ट, जाड नमदा होतो. चिखल वाळल्यावर मऊ ब्रशनं झाडला की निघतो. उन्हाळ्यात कसर लागू नये म्हणून झाडून, बंद पिशवीत ठेवतो.

डोनेगल ट्वीड आयर्लंडचं. कातताना सुतात रंगीत लोकरीच्या बारीक गुठळ्या सोडतात, त्यामुळे राखाडी कापडावर लाल-निळे ठिपके उमटतात. माझं कापड हॅरिसपेक्षा मऊ आणि हलकं आहे. टोपी आठ तुकड्यांची, वर बटण असलेली, फुगीर. ही बेतणी गोल डोक्याला जास्त क्षमाशील असते, कानांवर मुळीच दाबत नाही. दोन तुकड्यांच्या सपाट टोपीत मधल्या शिवणीवर चौकड्या जुळल्यात का ते जरूर पाहा. जुळल्या नसतील तर कापताना कापड वाचवलंय हे समजा. आठ तुकड्यांत शिवणी जास्त, म्हणून वाऱ्याच्या दिवशी थोडी गार लागते. एरवी मार्च-एप्रिलला हिच्यासारखी दुसरी नाही.

मेण लावलेली टोपी मी मोठ्या पावसासाठी घेतली. पाणी ओघळून जातं हे खरं, पण वाफही आतच अडकते. घराचा चढ चढताना डोकं आतून भिजतं. कडाक्याच्या थंडीत कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि मेण कोटाच्या कॉलरला लागतं. कुत्रा घेऊन माळावर फिरणाऱ्यांना ती उपयोगी असेल, ट्रेननं ऑफिसला जाणाऱ्यानं घेऊ नये. लिननची टोपी मे महिन्यापासून वापरतोय. हवेशीर आहे, सुरकुत्या पडतात, घामानं फितीपाशी रंग उतरायला लागलाय. गडद निळ्याऐवजी फिका रंग घ्यायला हवा होता.

अस्तराकडे कुणी लक्ष देत नाही, मीही दिलं नव्हतं. चकचकीत पॉलिस्टर सॅटिन दिसायला छान असतं, पण विरळ केसांवर टोपी सरकते आणि वाऱ्यात मागे जाते. माझ्या मेणाच्या टोपीत तेच आहे. हॅरिसला सुती अस्तर आहे, ती पुलावरच्या वाऱ्यातही हात न लावता राहते. मात्र दाट, लांब केस असतील तर सॅटिनच बरं, सुती अस्तरात केस ओढले जातात.

गेल्या आठवड्यात नाशिकहून बाबांचा फोन होता. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला जाताना मफलर गुंडाळावा लागतो, तर तुझ्यासारखी टोपी मलाही पाठव, म्हणाले. घरात टेप सापडेना, म्हणून त्यांनी सुतळीनं माप घेतलं आणि ती फूटपट्टीवर धरून मला सांगितलं, साडेछप्पन्न. दोनदा मोजायला लावलं. नाशिकच्या थंडीला हॅरिस जड होईल, म्हणून डोनेगल, आठ तुकड्यांची, सुती अस्तराची, ५७ मागवली आहे. फितीमागे घालायची पट्टीही पाकिटात टाकतोय.