फिनटेक फेस्ट, नॅसकॉमचा मंच की गोवाफेस्ट? उद्योग निरीक्षकाने कोणत्या परिषदेला जावे

व्यापारी परिषदा विक्रेते आणि ग्राहक यांच्यासाठी भरतात. ज्याला तिथे काही विकायचे नाही आणि काही खरेदीही करायचे नाही, अशा निरीक्षकाला आयोजकांच्या हिशेबात फारशी जागा नसते. त्यामुळे कुठे जायचे आणि कुठे नाही, हा निर्णय त्याला स्वतःच्याच निकषांवर घ्यावा लागतो. पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर अशा शहरात राहून पदरच्या खर्चाने हे काम करणाऱ्याला वर्षाकाठी अशा दोन परिषदा झेपतात आणि तिसरी ओढूनताणून जमते. तंत्रज्ञान आणि विपणन या दोन्ही क्षेत्रांवर लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या आवाक्यातल्या तीन परिषदांची तुलना मी येथे करतो आहे: मुंबईतील वित्त-तंत्रज्ञानाचा ग्लोबल फिनटेक फेस्ट, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमचा टेक्नॉलॉजी अँड लीडरशिप फोरम आणि गोव्यातील गोवाफेस्ट.

व्यासपीठावर कोण बोलणार, हा निकष सर्वांत आधी बाजूला ठेवावा. मोठ्या भाषणांचे आता थेट प्रक्षेपण होते, ती नंतर यूट्यूबवर राहतात आणि महत्त्वाच्या घोषणांची प्रसिद्धिपत्रके त्याच संध्याकाळी घरबसल्या वाचायला मिळतात. जे घरी बसून मिळणार नाही ते तिथे किती मिळते आणि ते देऊ शकणारी माणसे त्या दिवसांत मोकळेपणाने बोलण्याच्या स्थितीत असतात का, या दोन प्रश्नांवर मी परिषदेची किंमत ठरवतो.

ग्लोबल फिनटेक फेस्ट हा यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय, पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया आणि फिनटेक कन्व्हर्जन्स कौन्सिल यांचा संयुक्त उपक्रम आहे. २०२० मध्ये तो सुरू झाला तेव्हा कोरोनामुळे सगळा कारभार पडद्यावरच होता, आणि २०२२ पासून तो वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये प्रत्यक्ष भरू लागला. नियम करणारे आणि नियम पाळणारे तीन दिवस एकाच छताखाली असतात आणि देशभर वापरल्या जाणाऱ्या सुविधा तिथेच जाहीर होतात, हे त्याचे वैशिष्ट्य. २० सप्टेंबर २०२२ रोजी पिन न टाकता छोट्या रकमा देण्याची यूपीआय लाइट ही सुविधा आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय तिथे आली. २०२३ मध्ये नेट नसतानाही दोन फोनमध्ये पैसे देता-घेता येण्याची लाइट एक्स ही सुविधा आणि बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो यूपीआय’ जाहीर झाली, तर २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आले. त्याच वर्षी फिनटेक कंपन्यांच्या पहिल्या स्वयंनियामक संस्थेला रिझर्व्ह बँकेची मान्यता मिळाल्याची घोषणाही याच व्यासपीठावरून झाली.

घोषणा समजण्यासाठी मुंबईला जावे लागत नाही, पण तिच्या आत शिरण्यासाठी जावे लागते. यूपीआय सर्कलमध्ये खातेदार घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देऊ शकतो आणि ही मुभा पूर्ण स्वरूपाची असेल तर महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा असते, एवढे पत्रकात असते. आजीने नातवाला मुभा दिली आणि नातवाचा फोन हरवला तर तक्रार कोणी, कोणत्या बँकेकडे करायची, हे मात्र स्टॉलवर उभ्या असलेल्या अभियंत्यालाच विचारावे लागते.

अशाच एका स्टॉलवर नेटशिवाय पैसे पाठवण्याचे प्रात्यक्षिक चालले होते. दोन फोन पाठीला पाठ लावले की क्षणात हिरवी खूण उमटे आणि भोवतीची माणसे समाधानाने पुढे सरकत. दोन्ही फोनचा डेटा आणि वायफाय बंद करून हेच पुन्हा दाखवाल का, असे मी विचारले. तिथल्या तरुणाने आधी आपल्या वरिष्ठाकडे पाहिले आणि मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “सर, इथं डेमो अ‍ॅप लावलंय. खरं अ‍ॅप अजून पायलटमध्ये आहे.” त्यानंतर पाऊण तास त्याने मला काम नेमके कुठे अडले आहे ते समजावून सांगितले: एनएफसी म्हणजे फोन जवळ आणून माहिती देण्या-घेण्याची सोय नसलेले स्वस्त फोन, दुकानदाराच्या फोनला घातलेले जाड कव्हर, आणि पैसे आले की नाही हे आवाजात ऐकण्याची दुकानदाराला लागलेली सवय. त्या कंपनीला मी दोष देत नाही, कारण प्रदर्शनात प्रात्यक्षिके बहुधा अशीच होतात. त्या वर्षीच्या तीन दिवसांत माझ्या वहीत उतरलेली सर्वांत मोलाची नोंद मात्र तीच होती आणि ती कोणत्याही ध्वनिचित्रफितीत सापडली नसती.

या परिषदेच्या अडचणीही मोठ्या आहेत. एकाच वेळी अनेक दालनांत सत्रे चालू असतात आणि चाळीस मिनिटांच्या चर्चेत पाच-सहा वक्ते बसवलेले असल्यामुळे कोणाचेही म्हणणे पुरे होत नाही. कोणते सत्र प्रायोजकाने घेतले आहे आणि कोणते आयोजकांनी, हे कार्यक्रमपत्रिका नीट वाचल्याशिवाय कळत नाही. बॅजवरचा क्यूआर कोड प्रत्येक स्टॉलवर स्कॅन करू दिला तर पुढचे काही महिने विक्री विभागांचे फोन घेण्यात जातात, म्हणून छापलेले कार्ड जवळ ठेवावे आणि तेच द्यावे. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी पंतप्रधानांचे भाषण अखेरच्या दिवशी होते. अशा दिवशी सुरक्षा तपासणीत सकाळ निघून जाते, त्यामुळे स्टॉलवरची कामे पहिल्या दोन दिवसांतच उरकलेली बरी.

नॅसकॉमच्या मंचाचा स्वभाव अगदी वेगळा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेची ही परिषद पूर्वी इंडिया लीडरशिप फोरम या नावाने ओळखली जात असे. ती फेब्रुवारीत भरते आणि २०१८ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक परिषदेबरोबर हैदराबादला झाली तो अपवाद आणि कोरोनाकाळात ती पडद्यावर भरली तो काळ सोडला तर वर्षानुवर्षे तिचे ठिकाण मुंबईच राहिले आहे. येथे स्टॉलची गर्दी नसते. येणारी माणसे थोडी असतात पण वरच्या पदांवरची असतात, आणि प्रतिनिधी शुल्क ती आपापल्या कंपन्यांकडून भरतात, त्यामुळे स्वतंत्र लेखकाला ते जड जाते. एवढे करून तिथे काय मिळते, याचे उत्तर मी एका आकड्यावरून देतो.

नॅसकॉम दर फेब्रुवारीत देशाच्या तंत्रज्ञान उद्योगाचा वार्षिक आढावा प्रसिद्ध करते. फेब्रुवारी २०२४ च्या आढाव्यात २०२३-२४ या वर्षाचा महसूल सुमारे २५४ अब्ज डॉलर सांगितला होता. पुढच्या फेब्रुवारीत २०२४-२५ चा अंदाज २८२.६ अब्ज डॉलर आला आणि वाढ ५.१ टक्के असल्याचे सांगितले गेले. आता २५४ वरून २८२.६ वर जायला ११ टक्क्यांहून जास्त वाढ लागते. ५.१ टक्के वाढ खरी धरली, तर आधीच्या वर्षाचा पाया २६९ अब्ज डॉलरच्या आसपास येतो. म्हणजेच मागील वर्ष नव्याने मोजले गेले होते. मागच्या वर्षीची पुस्तिका शेजारी ठेवून नवी वाचणाऱ्याला हे पाच मिनिटांत दिसते आणि फक्त मथळा वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. हा हिशेब घरीही करता येतो हे खरे, पण पाया कशामुळे बदलला, परदेशी कंपन्यांची कोणती केंद्रे नव्याने मोजली गेली आणि त्यांत पुण्यातली किती, हे विचारायचे तर आकडे मांडणारी माणसे समोर असावी लागतात, आणि फेब्रुवारीतले ते दोन-तीन दिवस ती तिथे असतात. हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणाऱ्या वाचकांसाठी लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळून चालणार नाही. परदेशी कंपन्यांच्या भारतातील केंद्रांची संख्या १,७०० च्या वर आणि तिथल्या नोकऱ्या सुमारे १९ लाख असल्याचे नॅसकॉमने २०२४ मध्ये सांगितले होते, आणि पुण्यातील भरतीचे गणित दिवसेंदिवस याच केंद्रांभोवती फिरू लागले आहे.

येथे एक गोष्ट निर्णायक ठरते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सेबीच्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीतील आतल्या माणसांना आपल्या कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत, आणि याच काळात बहुतेक कंपन्या बोलणेही आवरते घेतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत डिसेंबर तिमाहीचे निकाल लागून गेलेले असतात आणि मार्चअखेर अजून दूर असते, त्यामुळे नॅसकॉमच्या मंचावर येणारे अधिकारी जेवणाच्या टेबलावर तुलनेने मोकळे बोलतात. फिनटेक फेस्ट २०२५ मध्ये ७ ते ९ ऑक्टोबरला झाला, म्हणजे सप्टेंबर तिमाही संपून जेमतेम आठवडा उलटलेला होता. अशा वेळी नोंदणीकृत बँकेच्या अधिकाऱ्याकडून आकड्यांची अपेक्षा ठेवणे व्यर्थ असते आणि बाजारात नोंदणी नसलेल्या छोट्या कंपन्यांच्या संस्थापकांशी बोलणेच फलदायी ठरते. तारखा जाहीर झाल्या की त्या निकालांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

गोवाफेस्ट जाहिरात क्षेत्राचा आहे. अ‍ॅडव्हर्टायझिंग एजन्सीज असोसिएशन ऑफ इंडिया आणि द अ‍ॅडव्हर्टायझिंग क्लब या संस्था तो भरवतात, २००६ मध्ये तो सुरू झाला आणि अ‍ॅबी पुरस्कार हा त्याचा गाभा आहे. २०२४ मध्ये तो मुंबईत पवईला झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात पणजीजवळच्या किनाऱ्यावर परतला. तेथील चर्चासत्रांतून निरीक्षकाच्या हाती फारसे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहण्यासारखे असते ते पुरस्कारांच्या संध्याकाळी एकामागून एक दाखवले जाणारे काम. वर्षभरात कोणत्या एजन्सीने काय केले, कोणत्या प्रकारच्या कल्पनेला परीक्षक मान देत आहेत आणि कोणती युक्ती आता शिळी झाली आहे, हे तीन संध्याकाळींत लक्षात येते. मात्र स्पर्धेसाठी बनवलेल्या दोन मिनिटांच्या फितीतील दाव्यांवर विश्वास ठेवू नये. जून २०२५ मध्ये फ्रान्समधील कान येथील जाहिरात महोत्सवातील एक ग्रां प्री हा सर्वोच्च पुरस्कार परत घेतला गेला, कारण त्याच्या फितीत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली आणि फेरफार केलेली दृश्ये होती. जाहिरात खरोखर कुठे आणि किती काळ चालली, हे त्या एजन्सीच्या माध्यम नियोजनातील माणसाला विचारावे.

गोव्याला जाणाऱ्या मराठी निरीक्षकाने आणखी एक नोंद ठेवावी, असे मला मनापासून वाटते. मराठीत दाखवली जाणारी पुष्कळ मोठी जाहिरात हिंदीत लिहिलेली आणि नंतर भाषांतरित झालेली असते, आणि ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ बसत नाही हे घरातल्या लहान मुलालाही कळते. मुळात मराठीतच सुचलेले आणि लिहिलेले काम पुरस्कारांच्या यादीत किती आहे, हे कोणीतरी दरवर्षी मोजायला हवे.

दूरसंचार हाच विषय असेल तर दिल्लीतील इंडिया मोबाइल काँग्रेसचा विचार करावा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशातील ५जी सेवेची सुरुवात तिथूनच झाली. पण २०२५ मध्ये ती ८ ते ११ ऑक्टोबरला म्हणजे फिनटेक फेस्टच्याच आठवड्यात होती आणि दोन्हीपैकी एक निवडणे भाग होते.

प्रवेशिकेबाबतही निवड करावी लागते. माध्यमांसाठीची प्रवेशिका सहसा विनामूल्य असते, पण बॅजवर ‘माध्यम’ हा शब्द दिसला की समोरचा माणूस जपून बोलू लागतो आणि काही बंद सत्रांचे दारही मिटते. प्रतिनिधी शुल्क भरून गेले तर माणसे मोकळी बोलतात, मात्र आपण लिहिणारे आहोत हे पहिल्या वाक्यात सांगणे आपले कर्तव्य आहे. एखाद्या कंपनीने प्रवास आणि हॉटेलचा खर्च देऊ केला तर मी नकार देतो, आणि ज्यांना तो स्वीकारावाच लागतो त्यांनी लेखाच्या सुरुवातीलाच तसे नमूद करावे.

या सगळ्याचा विचार करता, पहिल्यांदाच जाणाऱ्याने फिनटेक फेस्ट निवडावा. पुण्याहून पहाटेच्या शिवनेरीने दादर गाठून तिथून वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचता येते, आता मेट्रो ३ चे स्थानकही संकुलातच आहे, आणि प्रश्न विचारायला लागणारी माणसे शेकड्याने भेटतात. आयटी नोकऱ्या, सेवा निर्यात किंवा परदेशी केंद्रांवर सातत्याने लिहिणाऱ्याने शुल्काची तजवीज करून नॅसकॉमच्या मंचाला जावे, पण मागच्या दोन आढाव्यांच्या पुस्तिका वाचूनच. विपणनावर लिहिणाऱ्याने गोवाफेस्टला दरवर्षी जाण्याची गरज नाही. दोन वर्षांतून एकदा गेले तरी बदल दिसतो आणि वाचलेल्या पैशांत मधल्या वर्षी एखाद्या एजन्सीत आठवडाभर बसून काम पाहता येते. गोव्याला जायचे ठरले तर मे महिना चाकरमान्यांचा असतो हे विसरू नये. कोकण रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि पणजीसाठी सोयीच्या करमळीची तिकिटे मार्चच्या अखेरीस पहिल्याच सकाळी संपतात.