आरंभीच्या ग्रीकांवरील अभ्यासवर्ग: वस्तूंपाशी थांबतो तेव्हा उत्तम

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावरील एका जुन्या संस्थेच्या सभागृहात, आरंभीच्या ग्रीकांचा धर्म, कला आणि समाज या विषयावर आठ व्याख्यानांचा मराठी अभ्यासवर्ग नुकताच पार पडला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर 2023 मध्ये भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र मांडली गेली, तेव्हापासून मुंबईत या विषयाचे कुतूहल वाढलेले दिसते. तरीही त्यावर मराठीतून सलग काही ऐकायला मिळणे दुर्मीळच आहे. क्रीट बेटावरील राजवाड्यांपासून इसवी सनपूर्व 500 च्या सुमारापर्यंतचाच काळ घ्यायचा, अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर आणि सॉक्रेटिस यांच्यापर्यंत यायचेच नाही, हा आयोजकांचा निर्णय धाडसी आणि माझ्या मते अगदी योग्य होता.

सुरुवात मात्र निराशाजनक झाली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी 1900 मध्ये क्रीटवरील नॉसॉस येथे उत्खनन सुरू केले आणि तिथल्या संस्कृतीला दंतकथेतील मिनोस राजावरून ‘मिनोअन’ हे नाव दिले, इथपर्यंत सारे ठीक होते. पण त्यानंतर हातांत साप धरलेल्या प्रसिद्ध मूर्ती दाखवून ‘ही क्रीटची मातृदेवता’ असे ठामपणे सांगण्यात आले. 1903 मध्ये सापडलेल्या या मूर्ती फुटलेल्या अवस्थेत होत्या आणि आज आपण पाहतो त्यांतील लहान मूर्तीचे डोके आधुनिक काळात घडवून बसवलेले आहे, याचा उल्लेखही झाला नाही. ज्यांची लिनिअर ए ही लिपी अजून वाचता आलेली नाही, त्या लोकांची श्रद्धा इतक्या खात्रीने सांगता येत नाही. भित्तिचित्रांची गोष्टही तशीच आहे: मूळ रंगाचे थोडे तुकडे आणि बाकी जीर्णोद्धारकाचा हात. ‘लिलींचा राजपुत्र’ म्हणून गाजलेले चित्र वेगवेगळ्या आकृत्यांचे अवशेष जोडून तयार झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. श्रोत्यांपैकी एका बाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला, पण त्यांना ‘पुढे पाहू’ एवढेच उत्तर मिळाले.

ग्रीसच्या मुख्यभूमीवरील मायसिनी या प्राचीन राजनगरावरील व्याख्यानापासून वर्ग सावरला. जर्मन उत्खननकार श्लीमान यांनी 1876 मध्ये शोधलेला सोन्याचा मुखवटा ट्रॉयवर चालून गेलेल्या ग्रीकांच्या राजाचा, म्हणजे अ‍ॅगमेम्नॉनचा असूच शकत नाही, कारण परंपरेने सांगितलेल्या ट्रोजन युद्धाच्या काळापेक्षा तो सुमारे तीन शतके जुना आहे, हे दोन वाक्यांत सांगून व्याख्याते थेट मातीच्या पाट्यांकडे वळले. मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये या राजवाड्यांतील हिशेबनिसांची लिनिअर बी लिपी उलगडली, तेव्हा त्या पाट्यांतून महाकाव्य निघाले नाही, तर हिशेब निघाले. कोणत्या देवाला काय पाठवायचे याच्या नोंदींमध्ये पोसायडन, झ्यूस, हेरा आणि हर्मीस ही नावे आढळतात, आणि फार उशिरा बाहेरून आलेला देव अशी ज्याची ख्याती होती तो डायोनायससही आढळतो. नैऋत्य ग्रीसमधील पायलॉस या राजवाड्याच्या दप्तरात राजवाड्यासाठी राबणाऱ्या स्त्रियांचे गट, त्यांची मुले आणि त्यांना द्यायच्या गव्हाची व अंजिरांची मापे नोंदलेली आहेत. या कच्च्या पाट्या टिकल्या त्या राजवाडा जळताना भाजल्या गेल्या म्हणून. देवाचा वाटा आणि मजुरांचा शिधा एकाच कारकुनी हिशेबात बसतात, हे ज्याने पाहिले त्याला धर्म आणि समाज यांवर वेगळी प्रस्तावना नको. वर्गाच्या जाहिरातीत धर्म, कला आणि समाज हे तीन विषय वेगवेगळे मांडले होते. व्याख्यानात ते आपोआप एक झाले.

यानंतरचे व्याख्यान संपूर्ण वर्गातील सर्वोत्तम होते. राजवाडे कोसळले, लेखन विसरले गेले, वस्त्या रोडावल्या, या काळाला ‘अंधारयुग’ म्हणून हातावेगळे करण्याची पद्धत आहे. येथे तसे झाले नाही. युबिया बेटावरील लेफकांडी येथे इसवी सनपूर्व 950 च्या सुमाराची, जवळजवळ 50 मीटर लांबीची इमारत सापडली. तिच्या आत एका पुरुषाचा अग्निसंस्कार करून अस्थी कांस्यपात्रात ठेवलेल्या होत्या, शेजारी सोन्याचे दागिने ल्यायलेली, पुरलेली स्त्री होती आणि दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे होते. स्त्रीच्या डोक्याजवळ लोखंडी सुरी आढळली. तिचा बळी दिला गेला का, हा प्रश्न व्याख्यात्यांनी मोकळा ठेवला. पहिल्या दिवशी हवा होता तो संयम इथे दिसला. मग अथेन्सच्या डिपिलॉन स्मशानातील, इसवी सनपूर्व 750 च्या सुमारास घडवलेला, दीड मीटरहून उंच घट पडद्यावर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या, त्यांच्यामधून ओळीने चरणारी हरणे, आणि मध्यभागी तिरडीवर ठेवलेली मृत स्त्री व डोक्याला हात लावून आकांत करणाऱ्या आकृत्या. या चित्रात एकही देव नाही. हे भांडे वापरायचे नव्हतेच, ते थडग्यावर उभे करायचे होते, आणि असे स्मारक उभारण्याची ऐपत मोजक्या घराण्यांचीच होती. कला, अंत्यविधी आणि प्रतिष्ठा यांचा संबंध एवढ्या एका घटावरून श्रोत्यांना उमगला.

माझा खरा मतभेद आहे तो यज्ञविधीवरील व्याख्यानाशी. ग्रीक पशुबळीची उकल करताना ‘हा त्यांचा नैवेद्य आणि प्रसादच’ असे सांगितले गेले. मुंबईच्या श्रोत्यांना ते चटकन पटले, पण त्याने घोटाळाच झाला. नैवेद्यात संपूर्ण पान देवापुढे ठेवले जाते आणि तेच अन्न प्रसाद होऊन परत येते. ग्रीक विधीत देवाचा आणि माणसांचा वाटा आधीच वेगळा होतो: चरबीत गुंडाळलेली हाडे वेदीवर जाळायची, मांस मात्र जमलेल्यांनी वाटून खायचे. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने प्रोमिथियस या दैवी पात्राने झ्यूसला फसवल्याची कथा सांगितली आहे, ती याच विषम वाटणीचे कारण देण्यासाठी. कोणाला वाटा मिळतो यावरून कोण आपल्यातला हे ठरत असे, हा सामाजिक मुद्दा त्या सोप्या तुलनेत हरवला. याउलट, वेदी देवळाबाहेर उघड्यावर असे आणि देऊळ हे मुख्यतः मूर्तीचे व अर्पणांचे घर होते, हे फार नीट समजावले गेले. ऑलिंपियाच्या हेरा मंदिराचे लाकडी खांब एकेक करून दगडी झाले, म्हणून ते एकमेकांसारखे नाहीत, हा तपशील तर खास लक्षात राहावा असाच होता.

अर्पणवस्तूंच्या व्याख्यानात तुलनांचा मोह आवरला गेला आणि त्याचा फायदा झाला. थीब्समधील मँटिक्लॉसने अपोलोला वाहिलेल्या, सुमारे 20 सेंटिमीटर उंचीच्या कांस्यपुतळ्याच्या मांड्यांवर कोरले आहे की आपल्या मिळकतीच्या दहाव्या हिश्शातून त्याने ही मूर्ती दिली, आता देवानेही काही सुखद परत द्यावे. इतका स्पष्ट व्यवहार! डेलॉस बेटावरील, इसवी सनपूर्व 650 च्या सुमारास आर्टेमिस देवीला वाहिलेल्या संगमरवरी पुतळ्यावर निकांद्रे ही स्त्री स्वतःचे नाव कोरून घेते, पण त्यासोबत बाप, भाऊ आणि नवरा या तिघांचीही नावे येतात. फ्रासिक्लेया ही दुसरी तरुणी तर लग्नाआधीच मेलेली. देवांनी विवाहाऐवजी आपल्याला ‘कुमारी’ हेच नाव दिले, असे तिच्या थडग्यावरील पुतळा बोलतो. या दोन शिलालेखांनी स्त्रीच्या स्थानाविषयी जे सांगितले ते पुढच्या तासाभराच्या सर्वसाधारण निवेदनाला जमले नाही. गुलामांविषयी तर अगदीच थोडे बोलले गेले. अथेन्सचा कायदेकर्ता सोलॉन याच्या सुधारणांवर, म्हणजे इसवी सनपूर्व 594 वर, बोलताना कर्जापायी गुलाम झालेल्या अथेन्सवासीयांचा प्रश्न येतोच, तोही घाईत उरकला.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर 1,800 रुपये शुल्क वाजवी आहे आणि व्याख्याने वेळेवर सुरू होतात, त्यामुळे विरार-कर्जतकडे परतणाऱ्यांची गैरसोय होत नाही. मागच्या रांगांत ध्वनिक्षेपक नीट ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसावे. पूर्वज्ञान लागत नाही. पुढचा वर्ग नोंदवणाऱ्यांनी पहिल्या व्याख्यानाचा फार विचार करू नये, दुसऱ्यापासून मात्र एकही चुकवू नये. वर्गासोबतची पुस्तिका कार्यालयात 150 रुपयांना स्वतंत्रपणेही मिळते. तिच्यात एकच ग्रीक नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिले आहे आणि नेपल्सजवळच्या बेटावरील पिथेकुसाई ही वसाहत नकाशात सिसिलीच्या दक्षिणेला दाखवली आहे. सुधारित आवृत्ती निघेपर्यंत ती विकत घेण्याची घाई करू नये.