रोथेनबुर्गसाठी बायर्न तिकीट: गटाने जायचं तर हेच घ्या

जर्मनीत शिकणाऱ्या मित्रमंडळींना म्युनिकहून रोथेनबुर्ग या तटबंदीच्या जुन्या गावी जायला बायर्न तिकीट, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या लोकल-प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, उत्तम. एका तिकिटावर पाच जण. माणूस वाढला की रक्कम थोडीच वाढते, त्यामुळे पाचांत वाटणी फार स्वस्त पडते. शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासून दुसऱ्या पहाटे ३ पर्यंत चालतं, इतर दिवशी मात्र सकाळी ९ नंतरच. तिकिटावर सगळ्यांची नावं आधी लिहा. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये चढू नका. तिथे ते चालत नाही, दंड बसतो. खरी अडचण श्टाइनाखला, जिथे गाडी बदलावी लागते: रोथेनबुर्गला जाणारी पुढची छोटी गाडी साधारण तासाला एक, जोडगाडी चुकली की तास वाया. रोथेनबुर्ग स्टेशनपासून जुन्या गावाच्या रोडर वेशीपर्यंत दहा मिनिटं चालत. तटावरची छपराखालची वाट फुकट आणि अप्रतिम; १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला तिचा भाग नंतर देणग्यांतून पुन्हा उभा राहिला, देणगीदारांची नावं दगडांवर आहेत.