अबुमरादनंतरचं ‘रेडिओलॅब’: नव्या कानाने ऐकायचा कार्यक्रम

जॅड अबुमराद यांनी ‘रेडिओलॅब’ हा विज्ञानाच्या गोष्टी सांगणारा अमेरिकी पॉडकास्ट सोडत असल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा कार्यक्रमाला वीस वर्षं होत आली होती. कल्पना त्यांची, आवाज त्यांचा, आणि ज्या ध्वनिरचनेमुळे हा पॉडकास्ट दोन सेकंदांत ओळखू यायचा तीही त्यांनीच घडवलेली. असा माणूस वजा केल्यावर मागे काय उरतं, हा श्रोत्यांचा प्रश्न रास्त होता. लुलू मिलर आणि लतीफ नासर ही नव्या निवेदकांची जोडी आता चांगली रुळली आहे आणि निकाल देता येईल इतके भाग जमले आहेत. कार्यक्रम टिकला आहे, आणि नुसता नावापुरता नाही. मात्र जुन्या ‘रेडिओलॅब’ची चव शोधत बसलात तर हाती निराशा येईल. तो वेगळ्या कानाने ऐकावा लागतो.

आधी जुनं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर फरक कळणार नाही. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएनवायसी’ या सार्वजनिक रेडिओ केंद्रावर २००२ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. अबुमराद टेनेसीत वाढलेले, आई-वडील लेबनॉनहून आलेले. ओबरलिन कॉलेजात त्यांनी संगीतरचना आणि लेखन या दोन्हींचा अभ्यास केला होता, आणि कार्यक्रमात हे दोन्ही ऐकू येतं. पुढे रॉबर्ट क्रलविच त्यांच्यासोबत आले. ते वयाने पंचवीसेक वर्षांनी मोठे आणि विज्ञानाची बातमी सोपी करून सांगण्यात मुरलेले पत्रकार. एकाने पुरावा मांडायचा, दुसऱ्याने शंका काढायची, मध्येच तज्ज्ञाचं वाक्य यायचं आणि ते अर्ध्यावर तोडून निवेदकाने पुरं करायचं, अशी त्यांची वीण होती. जागच्या जागी सुचलेली वाटावीत इतकी सहज ती संभाषणं प्रत्यक्षात तासन् तासांच्या रेकॉर्डिंगमधून सेकंदासेकंदाने जोडलेली असत.

ध्वनी हा इथे सजावटीचा भाग कधीच नव्हता, तो मुद्दा सांगायचा. २०१२ चा ‘कलर्स’ हा भाग ऐका. डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशींचे प्रकार किती, यावरून कोणत्या प्राण्याला किती रंग दिसत असतील, हे समजावण्यासाठी एक आख्खं गायकवृंद वापरलं आहे. कुत्र्याला दोनच प्रकार, म्हणून मोजकेच सूर. माणसाला तीन, म्हणून सुरांचा पट्टा रुंदावतो. आणि मॅन्टिस श्रिंप या समुद्री जीवाला सोळा, तेव्हा सगळा वृंद एकदम उसळतो. आकडा कानाला ऐकवण्याची इतकी चोख युक्ती क्वचितच कुणी योजली असेल. (विज्ञानाच्या बाजूने एक दुरुस्ती लक्षात ठेवावी: २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगांत असं दिसलं की जवळजवळच्या रंगछटांमधला फरक ओळखण्यात हा प्राणी माणसापेक्षा बराच कच्चा आहे. पेशींचे प्रकार जास्त म्हणजे रंगांची जाण जास्त, असं सरळ गणित नाही.)

आता हस्तांतराकडे येऊ, कारण या कार्यक्रमाचं खरं यश तिथे आहे. ते एका दिवसात झालं नाही. २०२० च्या सुरुवातीला क्रलविच निवृत्त झाले. त्याच वर्षी मिलर आणि नासर सहनिवेदक म्हणून आले, आणि अबुमराद अजून तिथेच होते. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ तिन्ही आवाज श्रोत्यांच्या कानावर एकत्र पडत राहिले. अबुमराद बाहेर पडले तेव्हा नवे आवाज नवे राहिलेच नव्हते.

शिवाय दोघेही घरातलेच. मिलर ‘रेडिओलॅब’च्या अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांपैकी एक. नंतर ‘एनपीआर’ या अमेरिकेतल्या राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओ संस्थेसाठी २०१५ मध्ये ‘इन्व्हिजिबिलिया’ हा पॉडकास्ट सुरू करणाऱ्या दोघींपैकीही त्या एक. नासर यांची हार्वर्डची पीएच.डी. विज्ञानाच्या इतिहासातली, आणि ‘रेडिओलॅब’मध्ये ते आधी संशोधनाची बाजू सांभाळत होते. २०२० मधली सहा भागांची ‘द अदर लतीफ’ ही मालिका त्यांची. ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात आपल्याच नावाचा एक कैदी आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच्या प्रकरणाचा माग काढला. एकट्याच्या जोरावर लांब गोष्ट पेलता येते, हे सूत्रं हाती येण्याच्या आधीच त्यांनी दाखवून दिलं होतं.

त्याहून महत्त्वाचं, माइकमागची माणसं राहिली. संपादन सोरेन व्हीलर यांच्याकडे, ध्वनिरचनेची धुरा डिलन कीफ यांच्याकडे. गवई बदलला तरी तबला-पेटीची साथ तीच असली की मैफल बिघडत नाही, तसं हे झालं. आणि अबुमराद बाहेर पडल्यानंतरही श्रेयनामावलीत पहिलं वाक्य तेच येत राहिलं: हा कार्यक्रम जॅड अबुमराद यांनी निर्माण केला. संस्थापकाचं नाव पुसायचं नाही आणि त्याच्या सावलीतही राहायचं नाही, हा तोल एका वाक्यात साधला आहे. भागाच्या सुरुवातीचा तो तुकड्या-तुकड्यांच्या आवाजांचा ‘अरे थांबा, तुम्ही ऐकताय’ वगैरे गोंधळही तसाच ठेवला, हे फार बरं केलं.

श्रोत्याला यात काहीच करावं लागलं नाही, कारण कार्यक्रम मुळात केंद्राच्या मालकीचा. फीड, म्हणजे ॲपपर्यंत भाग पोचवणारी यादी, तीच; जुने भाग जिथल्या तिथे. स्वतंत्रपणे चालणाऱ्या पॉडकास्टांचं घोडं नेमकं इथे पेंड खातं. फीडचं होस्टिंग संस्थापकाच्या खासगी खात्यावर, ॲपल आणि स्पॉटिफायवरची नोंदणी त्याच्या ईमेलवर, डोमेनचं नूतनीकरण त्याच्या कार्डवर, आणि शीर्षकसंगीताचा परवाना त्याच्या वैयक्तिक नावावर. माणूस गेला की वर्षभरात यातलं काहीतरी एक तुटतं. होस्टिंग बदलायचंच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचं कायमचं वळण लावावं, फीडमध्ये नव्या पत्त्याचा टॅग घालावा आणि ही व्यवस्था किमान चार आठवडे तरी हलवू नये, असं ॲपल सांगतं. खरं तर ती कायमची ठेवलेली बरी. प्रत्येक भागाचा जीयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, आहे तसाच ठेवायचा. तो बदलला तर ॲपला सगळे जुने भाग नवे वाटतात, श्रोत्याच्या फोनवर शंभर-दोनशे भाग एकदम उतरू लागतात आणि वैतागून तो वर्गणी काढून टाकतो. संपादनाच्या मूळ फाइल्स, नुसते तयार एमपी३ नव्हेत तर वेगवेगळे ट्रॅक असलेलं सत्र, वारसाकडे पोचले पाहिजेत. ‘रेडिओलॅब’ जुने भाग नव्या प्रस्तावनेसह, मधे भर घालून पुन्हा लावू शकतं, ते जपलेल्या संग्रहाच्या जिवावर.

असं नीट झालं नाही की काय होतं, याची उदाहरणं त्याच काळातली आहेत. ‘रिप्लाय ऑल’ हा पी. जे. व्होग्ट आणि ॲलेक्स गोल्डमन यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला अतिशय लाडका पॉडकास्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये चार भागांची एक मालिका दोन भागांवर थांबवावी लागली आणि व्होग्ट बाहेर पडले. गोल्डमन आणि इमॅन्युएल झोत्सी यांनी तो पुन्हा उभा केला, पण जून २०२२ मध्ये तो संपला. तिथे वारसाला घडी बसवायला अवधीच मिळाला नाही. ‘इन्व्हिजिबिलिया’चं उलट. तिथे नव्या निवेदिकांकडे सूत्रं रीतसर गेली आणि काम ताजंतवानं होतं, पण मार्च २०२३ मध्ये ‘एनपीआर’च्या नोकरकपातीत कार्यक्रमच बंद झाला. चांगलं हस्तांतर पैशांची तूट भरून काढत नाही. ‘डब्ल्यूएनवायसी’नेही २०२३ मध्ये माणसं कमी केली, आणि ‘रेडिओलॅब’च्या श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

नव्या काळातला सगळ्यात सरस भाग कोणता, यावर फार वाद होऊ नये. जानेवारी २०२४ मधला ‘झूझ्वे’. नासर यांना आपल्या लहान मुलाच्या खोलीतल्या सूर्यमालेच्या चित्रात शुक्राभोवती एक चंद्र दिसला, नाव ‘झूझ्वे’. शुक्राला चंद्र नाही. मग हे आलं कुठून? शोध घेता घेता कळलं की चित्रकाराने टिपणातलं ‘२००२ व्हीई’ हे रोमन अक्षरांतलं नाव वाचताना आकड्यांनाच अक्षरं समजलं होतं: दोनाचा झेड, शून्यांचे ओ. ती वस्तू मात्र खरी होती. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेच्या ब्रायन स्किफ यांनी २००२ मध्ये शोधलेली, सूर्याभोवती फिरताना शुक्राच्या सोबतीने चालल्यासारखी दिसणारी. अशा सोबत्याला इंग्रजीत ‘क्वासी-मून’ म्हणतात, मराठीत आभासी चंद्र म्हणता येईल. कोणत्याही ग्रहाचा ओळख पटलेला असा हा पहिलाच. नासर यांनी मग आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेकडे ते चुकीचं नावच अधिकृत करण्याची विनंती केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मान्य झाली. पुढे याच संघटनेबरोबर पृथ्वीच्या एका आभासी चंद्राला नाव देण्याची स्पर्धा घेतली. जानेवारी २०२५ मध्ये ‘कार्डिया’ हे नाव जाहीर झालं.

हा भाग अबुमराद-क्रलविच जोडीने केला असता तर वेगळा झाला असता. त्यांनी बहुधा चंद्र म्हणजे काय, या व्याख्येवर जोरदार भांडण मांडलं असतं. नासर फोन लावत सुटतात. एकाने दुसऱ्याकडे पाठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक फोनवर त्यांचा उत्साह तितकाच खरा. नव्या ‘रेडिओलॅब’चं बलस्थान हेच आहे: दस्तऐवज, माणसं आणि चिकाटी. मिलर यांचा हात वेगळा. किडामुंगीबद्दल बोलतानाही त्या वाक्याला कवितेची लय देतात आणि एखादा जीव वेगळा किंवा दुबळा का ठरवला गेला, हा प्रश्न सोडत नाहीत.

उणिवा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठी म्हणजे खटके कमी झाले. मिलर आणि नासर एकमेकांवर जीव टाकणारे सहकारी आहेत, म्हणून ‘मला पटत नाही’ हे वाक्य फार क्वचित ऐकू येतं आणि शंका काढण्याचं काम श्रोत्यावर पडतं. दुसरी, काही भागांचा शेवट हळवेपणाकडे घाईने वळतो. शास्त्रीय मुद्दा अजून उलगडत असताना संगीत चढू लागतं आणि गोष्ट भावनेवर मिटवली जाते. तिसरी, पुनःप्रसारणं बरीच आहेत. नव्या प्रस्तावनेमागे दहा-बारा वर्षांपूर्वीचा भाग निघतो. नव्या श्रोत्याला ही मेजवानी, पण जुन्याने वर्णन वाचूनच भाग उतरवावा.

जुनं ते सगळं सोनं, असंही नव्हतं. २०१२ मधल्या ‘द फॅक्ट ऑफ द मॅटर’ या भागात आग्नेय आशियातल्या ह्मोंग जमातीच्या एका निर्वासिताची मुलाखत वैज्ञानिक सत्याच्या नावाखाली इतकी रेटली गेली की कार्यक्रमाला माफी मागावी लागली. ज्याने सोसलं त्याचं ऐकून घेताना आजचा चमू जास्त जबाबदारीने वागतो. खटके कमी होण्याची ही दुसरी बाजू आहे, आणि ती मोलाची आहे.

घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील आणि इंग्रजी समजत असेल, तर मिलर यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केलेलं ‘टेरेस्ट्रिअल्स’ लावा. प्रत्येक भागात एक प्राणी किंवा निसर्गातली एक गोष्ट, आणि ॲलन गॉफिन्स्की यांची गाणी. संस्थापक बाहेर पडल्यानंतर निघालेली ही फांदी मूळ झाडाइतकीच जोमदार आहे.

ऐकताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. वेग एकपटच ठेवा. दीडपट केला की ॲप बोलण्याची पट्टी जपतं, पण खाली वाजणारं संगीत खरखरतं आणि आवाजांचे थर एकमेकांत मिसळतात. पॉकेट कास्ट्स या ॲपमधली शांतता कापण्याची सोय किंवा ओव्हरकास्ट या ॲपमधलं तसंच ‘स्मार्ट स्पीड’ या कार्यक्रमापुरतं बंद करा. इथली शांतता मुद्दाम मोजून ठेवलेली असते. दोन्ही कानांचे हेडफोन हवेत, एकाच कानात अडकवून डाव्या-उजव्या बाजूला मांडलेले आवाज हरवतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो’ चालू नाही ना, तेही पाहा. उच्चार अडत असतील तर संकेतस्थळावर बहुतेक भागांची लिखित संहिता मिळते. पहिल्यांदा ती समोर ठेवून आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकावं. कार्यक्रम फुकट आहे, जाहिराती आहेत. पैसे भरणाऱ्या सभासदांना त्या लागत नाहीत. १२८ केबीपीएस हा पॉडकास्टचा नेहमीचा दर धरला तर चाळीस मिनिटांच्या भागाला साधारण ३८ एमबी डेटा जातो.

सुरुवात ‘कलर्स’पासून करा, मग २०२० मधला ‘ऑक्टोमॉम’. खोल समुद्रातली एक ऑक्टोपस मादी ५३ महिने अंड्यांवरून हलली नाही, त्याची ही गोष्ट. क्रलविच नुकतेच निवृत्त झालेले, अबुमराद अजून आहेत, असा तो मधला काळ. त्यानंतर ‘द अदर लतीफ’ ओळीने सहा भाग, आणि शेवटी ‘झूझ्वे’. या क्रमाने ऐकलं तर कार्यक्रम हातातून हातात जाताना कानाला कळतो.